टसर : किड्याच्या आधी धोटा

हा टसरचा, म्हणजे रानातल्या रेशमाचा, कोष पुढच्या रांगेपासून फिरवा. परत मात्र द्या, एकच आणलाय. कोंबडीच्या अंड्याहून जरा लहान, पण कवटीसारखा टणक. टोकाला काळपट देठ आहे आणि देठाच्या शेवटी कडं. अळी ते कडं फांदीभोवती आवळते, त्यालाच कोष लटकतो. आपल्याकडे गडचिरोली-भंडाऱ्यात ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर हे दिसतं.

आता शब्द. टसर म्हणजे मुळात ना किडा, ना कापड. संस्कृतात ‘तसर’ म्हणजे विणकराचा धोटा, ताण्यातून बाणा घेऊन इकडून तिकडे पळणारा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, १३०व्या सूक्तात, यज्ञ हे वस्त्र आहे असं समजून ऋषी ते विणायला बसलेत. तिथे ओळ येते, ‘सामानि चक्रुस्तसराण्योतवे’. विणण्यासाठी सामांचे, म्हणजे गायच्या मंत्रांचे, धोटे केले! रेशमाचा तिथे मागमूस नाही. मग धोट्याचं नाव या रेशमाला का चिकटलं? कोषाचा आकार धोट्यासारखा म्हणून, असं सांगतात. मला त्याहून अळीची हालचाल जास्त पटते. ती कोषात बसून डोकं या बाजूचं त्या बाजूला फिरवत असते, तोंडातून सूत सोडत. अर्थात हा माझा तर्क. तो धोट्यासारखाच घ्या, इकडे नाही तर तिकडे.

विदर्भात ही झाडं राखणारे ढीवर लोक टसर कशाला म्हणतील? ते म्हणतात कोसा. हा सरळ ‘कोश’. त्यापासून झालेलं कापड ते कौशेय, आणि हा शब्द साधायला पाणिनीने ‘कोशाड्ढञ्’ असं स्वतंत्र सूत्रच दिलंय. कोष्टी हे नावही काही जण याच कोशाशी जोडतात.

तिसरं नाव लंडनचं. ड्रू ड्र्युरी नावाच्या चांदीकाम करणाऱ्या, किड्यांच्या नादी लागलेल्या माणसाने १७७३ साली या किड्याला शास्त्रीय नावात ‘मायलिटा’ म्हटलं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की अ‍ॅसिरियन लोक अ‍ॅफ्रोडाइटी या प्रेमदेवतेला मायलिटा म्हणत. ऐनाच्या झाडावरच्या किड्याला बॅबिलोनकडची देवी!

ड्र्युरीने निदान पतंगाकडे तरी पाहिलं. विणकराने धोटा पाहिला, रानातल्याने कोश. पतंगाचं काम तरी काय? त्याला धड तोंडही नाही. खात नाही, थोडे दिवस जगतो, मादी अंडी घालते, संपलं. शिवाय तो बाहेर पडताना लाळेने कोष मऊ करून धागे बाजूला सारतो, मग त्या कोषातून सलग सूत निघत नाही. पेळूसारखं कातावं लागतं.

फिरवलेला कोष आता कुठवर पोचला? तिसऱ्या रांगेत? देठाच्या बाजूला बोट लावून बघा, भोक लागेल. तिथूनच पतंग गेलाय.