गाणे थांबते तिथून पुढे

श्रोतेहो, नमस्कार. आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत एकमेकांना भेटल्यावर म्हणतो तसे, सलाम.

माझ्या लहानपणी आम्ही नागपुरात मेकोसाबागेजवळ राहायचो. गल्लीच्या तोंडाशी गणपती बसायचा. कडुनिंबाला बांधलेला कर्णा सकाळच्या आरतीपासून रात्रीपर्यंत गात असायचा. १९७५ चे वर्ष, मी अकरा वर्षांची. नळावर बादली भरत होते आणि कर्ण्यावर किशोरकुमारचा आवाज आला. ‘रोटी’ सिनेमातले ते गाणे तुमच्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. लोक एका बाईला शिक्षा द्यायला जमले आहेत आणि राजेश खन्ना त्यांना सांगतो आहे की शिक्षा जरूर द्या, पण ज्याने स्वतः कधी पाप केले नाही त्यानेच पहिला दगड मारावा.

मी बादली तशीच सोडून घरात पळाले. “आजी, गणपतीत बायबल लावलंय!”

आजी तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला, गाणे संपेपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “हो वं. पण अर्धंच हाय. बाकीचं घरी वाच.”

आज मला त्या बाकीच्या अर्ध्याविषयी बोलायचे आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय. यरुशलेमेत मंडपांचा सण नुकताच पार पडला आहे. भल्या पहाटे येशू मंदिरात बसून लोकांना शिकवतो आहे. तेवढ्यात शास्त्री आणि परुशी, म्हणजे यहुदी धर्माचे पंडित आणि नियम कडकपणे पाळणारे लोक, एका बाईला घेऊन येतात, सगळ्यांच्या मधोमध उभी करतात. हिला व्यभिचार करताना धरले, ते म्हणतात. मोशेच्या नियमशास्त्रात अशीला धोंडमार सांगितली आहे, तुमचे काय म्हणणे? प्रश्न विचारणाऱ्यांना बाईशी काही देणेघेणे नव्हते. त्यांना येशूला अडकवायचे होते. योहानाने ते स्पष्टच लिहिले आहे.

रविवारच्या शब्बाथशाळेत हा भाग झाला तेव्हा मी विचारले होते की तो पुरुष कुठे गेला. बाईंनी मला खाली बसायला सांगितले. पुढे मोठी झाल्यावर बायबलातली ‘लेवीय’ आणि ‘अनुवाद’ ही पुस्तके वाचली आणि कळले की माझा प्रश्न काही आगाऊपणाचा नव्हता. नियमशास्त्रात शिक्षा दोघांनाही सांगितली आहे. जे नियमशास्त्राचा आधार घेऊन आले होते, त्यांनी त्यातला अर्धाच भाग बरोबर आणला होता.

येशू लगेच उत्तर देत नाही. खाली ओणवतो आणि बोटाने जमिनीवर लिहू लागतो. काय लिहिले ते शास्त्रात कुठेच नाही. आमच्या पाळकांनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे अंदाज सांगितले. कोणी म्हणाले आरोप करणाऱ्यांची पापे लिहिली, कोणी म्हणाले यिर्मया संदेष्ट्याचे वचन लिहिले. मी तीस वर्षे शाळेत शिकवले, आणि माझी समजूत त्या अनुभवातून आली आहे. वर्गात एखादे पोर सगळ्यांसमोर उभे असते, चूक पकडली गेलेली असते, पन्नास डोळे त्याच्यावर खिळलेले असतात, ते मान वर करू शकत नाही. अशा वेळी मी हातातला डस्टर मुद्दाम खाली पाडायची. पन्नास डोळे डस्टरकडे वळायचे. तेवढ्या दोन क्षणांत ते पोर श्वास घ्यायचे. मला वाटते, येशू वाकला तेव्हा तिथली प्रत्येक नजर त्या बाईवरून उतरली आणि धुळीतल्या त्या बोटाकडे गेली. अक्षरे कोणती होती याला माझ्या लेखी फारसे महत्त्व नाही.

मग पहिल्या दगडाचे ते प्रसिद्ध वाक्य. ते बोलून तो पुन्हा वाकतो, पुन्हा लिहू लागतो. ऐकणारे एकेक करून निघून जातात, आणि योहान सांगतो की वृद्धांपासून सुरुवात झाली. हा तपशील लक्षात ठेवा, मला पुढे तो लागणार आहे.

गाणे इथे थांबते. सिनेमाला गर्दी दाखवायची होती, गर्दीला लाजवायचे होते, आणि ते काम त्या गाण्याने असे केले की आज पन्नास वर्षांनीही ते लोकांच्या तोंडी आहे. बायबल कधी हातात न धरलेल्या माणसालाही पहिल्या दगडाची गोष्ट माहीत असते. त्यासाठी मी त्या गाण्याचे उपकारच मानते.

पण उरलेली दोन वचने हरवली की काय होते तेही मी पाहते आहे. टीव्हीवर एखाद्या मोठ्या माणसाला हिशेब विचारला की त्याची बाजू घेणारा लगेच म्हणतो, पहिला दगड कोण मारणार? मोबाइलवर तर रोजच. जिच्या हाती काहीच नव्हते अशा एका बाईला वाचवायला उच्चारलेले वाक्य, ज्यांच्या हाती सगळे आहे त्यांची ढाल झाले आहे. “तुम्ही कोण विचारणारे?” एवढाच त्याचा अर्थ उरला आहे. याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या दोन वचनांत असे आहे. गर्दी गेली. मंदिरात येशू आणि ती बाई, दोघेच. येशू उभा राहतो आणि तिला विचारतो की ते सगळे कुठे आहेत, कोणी तुला दोषी ठरवले नाही का? ती म्हणते, प्रभू, कोणी नाही. तो म्हणतो, मीही ठरवत नाही. जा, यापुढे पाप करू नको. पहाटेपासून सगळे तिच्याविषयी बोलत होते. तिच्याशी बोलणारा हा पहिला माणूस. आणि तिच्या तोंडचे शब्द शास्त्रात आहेत ते एवढेच.

आता थोडे नागपूरबद्दल, कारण देवाचे वचन भलत्याच वाटेने माणसाला गाठते याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच गावच्या रेल्वेमार्गावर घडला आहे. कवी नारायण वामन टिळक नागपुरात राहत होते, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत होते. पुढे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा कवितेच्या, मग धर्माच्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती बायबलचा नवा करार ठेवला. टिळक वाचत वाचत येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापर्यंत आले आणि तिथेच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आम्ही रविवारी पेटी-तबल्यावर जी भजने म्हणतो त्यांतली कितीतरी त्यांची. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत.

त्यांच्याही आधी, १८४५ मध्ये, स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपुरात आले होते. सिव्हिल लाइन्समधून जाताना आपण ज्या हिस्लॉप कॉलेजचे नाव सहज घेतो, ते त्यांच्या मागे, १८८३ मध्ये, त्यांच्या नावाने सुरू झाले. ते आले उपदेश करायला, आणि बसले गोंडांची गाणी उतरवून घेत. लिंगो या गोंडांच्या पुराणपुरुषाची ती दीर्घ गाथा हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात ते बुडाले. सांगायला आलेल्या माणसाने आधी ऐकून घेतले, याचा मला फार आदर वाटतो.

टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शाळेत सगळ्यांनी घोकली आहे. जखमी पक्षीण रक्त गळत असताना घरट्यापर्यंत पोहोचते आणि पिलांना शेवटचा घास भरवते. वर्गात आम्ही दोघी-तिघीच ख्रिस्ती होतो, आणि हा कवी रेव्हरंड होता हे मी सांगितले तर कोणाला खरे वाटेना. चर्चमध्ये येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत होणाऱ्या प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीचा तुकडा हातात येतो तेव्हा मला आजही ती पक्षीण आठवते. कवीच्या मनात ते होते असा माझा दावा नाही. माझ्या मनात ते जोडले गेले आहे, एवढेच.

सिनेमातल्या ख्रिस्ती माणसाबद्दल मात्र माझी एक जुनी तक्रार आहे. तो नेहमी मोडके हिंदी बोलतो, हातात बाटली असते, गळ्यात क्रॉस, आणि अडचण आली की मेणबत्ती. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तुमच्यात त्या लाकडी खोलीत जाऊन पाप सांगतात ना? ते कॅथलिक चर्चमध्ये असते, आमच्याकडे नसते, हे समजावताना मधली सुट्टी संपायची. आमच्या आजीच्या अंगावर नऊवारी, बोलणे अस्सल वऱ्हाडी, आणि नाताळात करंज्या-अनारशांचे डबे. तिच्यासारखी ख्रिस्ती बाई मला पडद्यावर एकदाही दिसली नाही.

त्या आजीच्या बायबलात या गोष्टीभोवती चौकटी कंस होते. मी विचारले, तर तिने सांगितले की पाळकसाहेबांना विचार. पाळकसाहेब प्रामाणिक होते. योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत हा भाग नाही, असे त्यांनी मला सांगितले. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही मोठ्या प्रतींत तो सापडत नाही. सातव्या अध्यायाचे शेवटचे वचन आणि आठव्यातली पहिली अकरा, एवढा मजकूर तिथे नाहीच. मी घाबरले. मग हे खोटे आहे का? त्यांनी संत ऑगस्टीनचे म्हणणे सांगितले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ऑगस्टीन लिहून गेला की काही अल्पविश्वासी लोकांनी हा भाग आपल्या प्रतींतून काढून टाकला, कारण आपल्या बायका सुटतील अशी त्यांना भीती वाटली. ऑगस्टीनचे बरोबर की आजच्या अभ्यासकांचे, जे म्हणतात की ही जुनी आठवण नंतर योहानात येऊन बसली, हा वाद विद्वानांचा. मला त्या कंसांची आता भीती वाटत नाही. दयेची एक गोष्ट दाराबाहेर बराच काळ उभी होती आणि तिला हाकलून लावणे मंडळीला जमले नाही, असे मी ते कंस वाचते.

आता जे सांगायचे आहे ते मला जड जाते. १९८१ ची गोष्ट. आमच्या मंडळीतली एक मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, सासर सोडून परत आली. दिवस गेलेले. कोणाचे, यावर बायकांच्या सभेत कुजबुज. एका रविवारी ती उशिरा आली आणि मागच्या बाकावर, माझ्या शेजारी बसली. माझ्या मैत्रिणी उठून पुढच्या बाकावर गेल्या. मीही उठले. गीतांचे पुस्तक आम्हा दोघींच्या मध्ये ठेवलेले होते, तेही मी उचलून नेले. मी तोंडाने काही बोलले नाही. गरजही नव्हती.

आजी पहिल्या बाकावर बसायची. बायकांत सर्वांत वडील तीच. पहिले गीत सुरू असताना ती उठली, काठी टेकत मधल्या वाटेने मागे आली आणि त्या मुलीजवळ जाऊन बसली. गीत चालूच राहिले, पण आवाज कमी झाला होता.

घरी येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मीच विचारले. म्हणाली, “थ्या गोष्टीत आधी कोन निंगलं? म्हातारे. मंग मी काऊन बसून राहू?” आणि थोड्या वेळाने, “येशू तिले जा म्हनला. जाले जागा तं पाहिजे ना पोट्टे.”

त्या आठवड्यापासून दर बुधवारी आजी तिच्या घरी जाऊ लागली. आपले शिवणयंत्र तिने हातगाडीवर घालून तिकडे पोहोचवले. दवाखान्यातल्या नर्सबाईंचे कपडे शिवायचे काम मिळवून दिले. मूल कोणाचे, हे तिने त्या मुलीला कधी विचारले नाही. मी एकदा विचारायला गेले तेव्हा मला निवडायला तांदूळ दिले.

आजी जाऊन आता तीस वर्षे झाली. त्या मुलीचे, म्हणजे आता बाईचे, छोटेसे दुकान झाले, मुलगा नोकरीला लागला. मी तिची माफी मागितली ती फार उशिरा, आजीच्या अंत्यविधीच्या दिवशी. तिने फक्त माझा हात दाबला. आजीच्या अंगावरचा शेवटचा पांढरा ब्लाउज तिनेच शिवला होता.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी धो-धो पाऊस होता. चर्चमध्ये माणसे थोडी. मी घाईत निघाले आणि माझे गीतांचे पुस्तक घरीच राहिले. ती आली, छत्री दाराशी ठेवली, पदराने चष्मा पुसला आणि माझ्या बाकावर बसली. टिळकांचे भजन सुरू झाले. तिने आपले पुस्तक उघडले आणि आम्हा दोघींच्या मध्ये धरले.