लवकर झालं म्हणून अजून दहा गणितं? नको हो!

नमस्कार श्रोतेहो, आणि आज खास करून शिक्षक मंडळींना नमस्कार.

एका वर्गात काय काय असतं हे मी तुम्हाला सांगायला नकोच, एकाला अजून अक्षरं जुळवत वाचावं लागतं, त्याच्याच शेजारची मुलगी पुस्तक हातात पडल्या दिवशीच वाचून मोकळी, आणि तिसरा असा की तोंडी विचारलं तर धडाधड सांगतो पण लिहायला बसवलं की पेन हलत नाही. तास मात्र एकच, बाई किंवा सरही एकच. मग आपण मधल्या पोरांना धरून शिकवतो आणि जिचं दहा मिनिटांत झालंय तिला म्हणतो, झालं का, मग हे घे, अजून दहा गणितं. आता तिच्या बाजूने बघा, ही शिक्षाच झाली की! हुशार पोरं हे पटकन ओळखतात आणि मग मुद्दाम रेंगाळायला लागतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून आज यावरच बोलू, आणि यासाठी ऑनलाइन काय वापरता येतं तेही बघू.

प्रत्येक मुलाचा वेगळा पाठ काढायचा म्हटलं तर कुणालाच झेपणार नाही, आणि तसं करायचं नाहीचे. कॅरल अ‍ॅन टॉमलिन्सन या अमेरिकन अभ्यासक आहेत, त्या सांगतात की बदल चार ठिकाणी करता येतो: काय शिकायचं, कसं शिकायचं, शिकलेलं दाखवायचं कसं, आणि वर्गातलं वातावरण. चारही एकदम बदलायला कुणी सांगितलेलं नाही, एक बदललं तरी फरक पडतो.

ऑनलाइन साहित्य शोधताना मी तर पहिली गोष्ट ही बघते, की एकच काम सगळ्यांना सुरू करता येतंय का आणि पुढे जाणाऱ्याला ते पुरतंय का. केंब्रिज युनिव्हर्सिटीचा एनरिच नावाचा प्रकल्प आहे, १९९६ पासून चालू, फुकट, आणि तिथली बरीच गणितं अगदी अशीच. एक सांगते. लागोपाठच्या संख्यांची बेरीज करून कोणकोणत्या संख्या मिळतात? ९ म्हणजे ४ अधिक ५, किंवा २ अधिक ३ अधिक ४. १५ तर तीन तऱ्हांनी येतो. ज्याची बेरीज कच्ची आहे तो बेरजा करत बसेल, त्याचा सराव आपोआप होतो आणि कंटाळाही येत नाही. कुणाच्या लक्षात येईल की ३ पासून पुढची प्रत्येक विषम संख्या दोन लागोपाठच्या संख्यांनी मिळतेच. आणि एखादी मुलगी म्हणेल, बाई, २, ४, ८, १६ काही केल्या जमत नाहीत! तेव्हा उत्तर सांगून टाकू नका हं, फक्त विचारा, का गं जमत नाहीत? तीन लागोपाठच्या संख्यांची बेरीज मधलीच्या तिप्पट असते, पाचांची पाचपट, चार घेतल्या तर मधल्या दोघींच्या बेरजेची दुप्पट आणि ती बेरीज विषमच, म्हणजे कुठून तरी १ पेक्षा मोठा विषम अवयव येतोच, आणि ८ किंवा १६ ला तसा अवयवच नाही. इथपर्यंत ती स्वतः पोचली तर तिचा तास सार्थकी लागला, आणि वर्ग मात्र एकाच गणितावर होता.

विज्ञानासाठी फेट सिम्युलेशन्स बघाच, म्हणजे स्क्रीनवरच करून बघायचे प्रयोग. कार्ल वीमन यांना २००१ साली फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो युनिव्हर्सिटीत हे सुरू केलं, आता मराठीतही बरीच आहेत. बॅटरी, वायर, बल्ब जोडायचे. कुणी एक बल्ब लावून खूश, कुणी दुसरा जोडल्यावर पहिला मंद का झाला म्हणून डोकं खाजवत बसतो.

वाचनासाठी स्टोरीवीव्हर ही वेबसाइट, गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या, मराठीतही भरपूर.

खान अकॅडमी ही व्हिडिओ आणि सरावाची वेबसाइट मागे पडलेल्याला गाठून आणायला खूप कामाची आहे, जितकं जमेल तितकं आपल्या वेगाने. पण हुशार मुलीला पुढच्या वर्षाचे व्हिडिओ लावून दिले आणि झालं, असं करू नका, पुढे पळणं आणि खोल जाणं वेगळं. त्यापेक्षा जोसेफ रेन्झुली या अमेरिकन अभ्यासकांनी सांगितलेला उपाय करा, धडा सुरू व्हायच्या आधीच तिला काय येतं ते तपासा आणि जे येतं ते पुन्हा करायला लावू नका. सोपा मार्ग म्हणजे सगळ्यात अवघड चारपाच गणितं आधी द्या, ती जमली की बाकीची माफ. वाचलेल्या वेळात झूनिव्हर्स उघडून द्या. तिथे खऱ्या शास्त्रज्ञांना मदत करायची असते, आकाशगंगांचे आकार ओळखा, जंगलातल्या कॅमेऱ्याने टिपलेला प्राणी कोणता ते सांगा, आणि ते काम खरंच संशोधनात वापरलं जातं.

एक मात्र सांभाळा. मूल बघून शिकणारं की ऐकून शिकणारं हे ठरवणाऱ्या चाचण्या नेटवर ढिगाने मिळतात. त्या शिक्क्याप्रमाणे शिकवल्याने जास्त कळतं याला पुरेसा पुरावा नाही, असं २००८ साली हॅरॉल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी आधीचे अभ्यास तपासून मांडलं होतं. त्यात वेळ घालवू नका.

आणि तो तिसरा मुलगा, पेन न हलणारा. अशी काही मुलं खूप हुशार असतात आणि लिहिण्यावाचण्यात अडतात, दोन्ही एकाच वेळी, आणि अडचण हुशारीला झाकते, हुशारी अडचणीला, म्हणून दोन्ही आपल्या नजरेतून सुटतात. त्याला गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग सुरू करून द्या, मराठी चालतं त्यात, बोलला की अक्षरं उमटतात. हाताचा सराव वेगळा चालू ठेवा, पण इतिहासाचं उत्तर त्याला बोलून देऊ द्या आणि मार्क त्या उत्तराला द्या.