आधी नेक, मग पिकअप

[दृश्य: मांडीवर बेस गिटार. खुंटी सावकाश फिरते आहे. शेजारच्या मोबाइलवर ट्यूनरचा काटा थरथरतो आहे.]

विकायला काढलेला बेस हातात आला की नजर आधी रंगावर जाते, मग हेडस्टॉकवरच्या, म्हणजे खुंट्यांच्या टोकावरच्या, नावावर. जाणकार मात्र काही न बोलता खुंट्या पिळतो. ई, ए, डी, जी, चारही तारा पूर्ण सुरात. कारण सैल तारांवर वाकडा नेक, म्हणजे तारांखालची लांब लाकडी मान, तोही सरळ दिसतो. सुरात लावलेल्या चार तारा मिळून नेकवर सुमारे ८० किलोंचा ताण देतात. सिमेंटच्या दीड पोत्याहून जास्त. हा ताण पडल्यावर नेक काय करतो, ते बघून पैसे द्यायचे.

बेस ब्रिजच्या, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या, बाजूने डोळ्यासमोर धरा आणि नेकच्या दोन्ही कडा रेल्वेच्या रुळांसारख्या बघा. पुढे किंवा मागे आलेला बाक ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, सुधारतो. पीळ सुधारत नाही. एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली तर बेस परत खोळीत. मग ट्रस रॉडच्या नटात ॲलन की घालून पाव फेऱ्याच्या आत घट्ट आणि सैल करून बघा. नट जागेवरच गरगर फिरत असेल, किंवा आतले कोपरे झिजून गोल झाले असतील, तर अर्ध्या किमतीतही तो बेस महाग आहे.

कीचंही एक दुखणं असतं. अमेरिकेत बनलेल्या बेसला बहुधा इंचाच्या मापाची की लागते, आशियात बनलेल्याला मिलिमीटरची. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिलिमीटर. तिथे ४.५ ची की सैल पडते, ५ ची आत शिरत नाही. सैल की जोर लावून फिरवली की नटाचे कोपरे गेले. बाजारात फिरणारे बरेच नेक असेच मेलेले असतात.

[दृश्य: सोलापूर स्थानक, सकाळ. खांद्यावर लांबट काळी बॅग.]

सोलापुरात हा बाजार लहान. ऑर्केस्ट्रात बेसचं काम कीबोर्डचा डावा हात उरकतो. उरले चर्चमधले वादक, कॉलेजचे बँड आणि घरी वाजवणारे. त्यामुळे शोध पुण्याकडे वळतो, अडीचशे किलोमीटर, नाहीतर हैदराबादकडे, तीनशेच्या आसपास. जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडतो, आणि इथेच मोह गाठतो. एवढ्या लांब आलोय, तर रिकाम्या हाताने कसं जायचं? म्हणून तपासणीचा बराच भाग घरबसल्या उरका. पहिल्या पाच फ्रेटचे, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांचे, जवळून फोटो मागवा, झीज तिथेच पहिल्यांदा दिसते. नेक आणि बॉडीच्या जोडाचा फोटो मागवा. आणि एक व्हिडिओ: प्रत्येक तारेवरचा प्रत्येक फ्रेट, क्रमाने, ॲम्पचा आवाज बंद ठेवून. विकणारा एवढंही करायला तयार नसेल तर तिकीट काढू नका.

काय घ्यायचं याचा गोंधळ मात्र फारसा नको. अमेरिकेच्या फेंडर कंपनीने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. १९६० मध्ये दोन पिकअपचा (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारं चुंबक) आणि खुंट्यांच्या बाजूला नेक अरुंद होत जाणारा जॅझ बेस आला. आज दुकानात टांगलेले निम्मे बेस तरी या दोघांचीच नातवंडं. तारेची मोजलांबी बहुतेकांची ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. पाच तारांचा मोह होत असेल तर आधी घरचा ॲम्प बघा. खालची बी तार ३१ हर्ट्झच्या आसपास बोलते. आठ इंची स्पीकरवाल्या सरावाच्या ॲम्पमधून ती नुसती फुरफुरते.

[दृश्य: मे महिना. खिडकीत कूलर, समोर भिंतीला टेकवलेला बेस. हात येतो आणि बेस उचलून नेतो.]

कूलरचा झोत माणसाला बरा, बेसला वाईट. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर, हवा कोरडी ठणठणीत. लाकूड आकसतं, धातूचे फ्रेट आकसत नाहीत. नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की फ्रेटची टोकं करवतीसारखी लागतात. नेकही बहुधा मागच्या बाजूला कलतो आणि पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारा खडखडतात. त्यात कूलरची दमट हवा एकाच बाजूने आली की नेकचं डोकं फिरलंच समजा. मग येतो सप्टेंबर, सोलापूरचा खरा पाऊस. लाकूड ओल पितं, नेक पुढे झुकतो, तारा उंच जातात. वर्षातून दोनदा ट्रस रॉडला हात लावावा लागणार, हे धरूनच चाला. बोचणाऱ्या टोकांवर बारीक कानस मात्र ऐन मेमध्येच फिरवा. लाकूड सगळ्यात जास्त आकसलेलं असताना टोकं घासली की ती पुन्हा डोकावत नाहीत.

आता सेटअप. नवा बेस असो की जुना, पैसे आधी इथे घालायचे.

तारा नव्या: ४५, ६५, ८५, १०५ (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) हा नेहमीचा संच. जुन्या तारा दहा मिनिटं पाण्यात उकळण्याचा तोडगा सगळ्यांना माहीत असतो. मळ निघतो, चमक परत येते आणि चार दिवसांत जाते. तोडगा तेवढाच.

सुरात आणा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. आता आठव्या फ्रेटच्या डोक्यावर तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते बघा. ०.३ मिलिमीटर हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड सरकवून बघा, ते जेमतेम जावं. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा. पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. लाकूड सावकाश बसतं, म्हणून रात्रभर थांबून सकाळी परत मोजणारा माणूस शहाणा. नट कडक लागला आणि फट तशीच राहिली, तर तिथेच थांबा. रॉड तुटल्याचा आवाज एकदाच येतो.

त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मिलिमीटर, जी तारेखाली २. ब्रिजवरचे सॅडल बारीक ॲलन कीने वर-खाली होतात. ब्रिज म्हणजे आपल्या सतारीची घोडी, फक्त इथे प्रत्येक तारेला स्वतंत्र घोडी आहे आणि ती पुढे-मागेही सरकते. बाराव्या फ्रेटवर तार दाबून वाजवा, तिथेच नुसतं बोट टेकवून हार्मोनिक वाजवा. दाबलेला सूर चढा येत असेल तर सॅडल मागे घ्या, म्हणजे नेकपासून लांब. उतरलेला असेल तर पुढे आणा. हे नव्या तारांवरच करायचं. जुन्या तारेची जाडी जागोजागी बदललेली असते, ती काटा स्थिर राहू देत नाही.

[दृश्य: पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरचं झाकण, उघडलेला. आत वायरींचा गुंता, एका पॉटच्या पाठीवर सोल्डरचा मळकट गोळा.]

आता मोहाची खरी जागा. बेस घेतल्यापासून पंधरा दिवसांत मनात येतं: पिकअप बदलू. आवाज पातळ येतोय, पिकअपच वाईट असणार. खरं कारण बहुधा वेगळंच निघतं. तारा मेलेल्या असतात, पिकअप खाली बसलेला असतो, किंवा टोनचा पॉट, म्हणजे आवाजाचा पोत बदलणाऱ्या बटणाखालचा भाग, झिजलेला असतो. शेवटचा फ्रेट दाबून पिकअप तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर आणा, मग आवाजाबद्दल बोला. अगदी चिकटवू नका. चुंबक तार ओढतं आणि सूर डगमगतो.

बेसवादक जेम्स जेमर्सनने अमेरिकेच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत १९६२ चा एकच प्रिसिजन वाजवला. सपाट गुंडाळीच्या तारा, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा. तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. सुटे भाग विकणाऱ्यांसाठी हा माणूस भयंकर तोट्याचा.

तरीही पिकअप बदलायचाच असेल, तर पट्टी काढा. जॅझ बेसचे दोन पिकअप दिसायला सारखे, पण मापाला नाहीत. नेककडचा साधारण ९२ मिलिमीटर, ब्रिजकडचा ९५. काही स्वस्त बेसमध्ये दोन्ही एकाच मापाचे असतात. न मोजता मागवलेला संच आला की माणूस छिन्नी शोधायला लागतो, आणि छिन्नी लागली की बेसची किंमत उतरली.

पॉटचंही तसंच. या पिकअपना २५० किलोओहमचे पॉट लागतात. साध्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो आकडा नेमका नसतो, २२० किंवा ४७० पुढे केला जातो. २२० चालतो, आवाज जरा मऊ येतो. ४७० ने वरचा करकरीतपणा वाढतो. चांगल्या अमेरिकन पॉटची मान साडेनऊ मिलिमीटर जाड. स्वस्त बेसमधल्या छोट्या पॉटसाठी पाडलेल्या भोकात ती शिरत नाही. भोक वाढवायचं तर रीमरने, हाताने फिरवत. ड्रिलने प्लेटचा क्रोम उडतो.

टोनच्या कपॅसिटरवर ४७३ असं लिहिलेलं असतं, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. दुकानात तो काही रुपयांना मिळतो. कागद आणि तेलातला ‘विंटेज’ कपॅसिटर शेकडो रुपयांना विकला जातो. आकडा सारखा असेल तर ॲम्पसमोर दोघांतला फरक ओळखणारा कान सोलापुरात नाही. पुण्यातही नाही.

सोल्डर करताना पॉटची पाठ आधी पॉलिश पेपरने घासा, फ्लक्स लावा, आयर्न पुरेसं तापू द्या, टेकवा आणि दोन-तीन सेकंदांत उचला. थंड आयर्नने मिनिटभर रगडत बसलं तर आतला कार्बनचा पट्टा भाजतो आणि सोल्डरचा टाका राखाडी, खडबडीत येतो. तसा टाका आज धरतो आणि ऐन कार्यक्रमात सुटतो.

[दृश्य: बेसच्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी बसवणारी बोटं.]

गुणगुण हा सोलापुरातला सार्वत्रिक रोग. जुन्या घरांत अर्थिंग नाही, शेजारी मागांच्या मोटारी, डोक्यावर चोकवाली ट्यूबलाइट. निदान सोपं आहे: तारांना हात लावा. गुणगुण कमी झाली तर ग्राउंडची वायर शाबूत आहे, फक्त पोकळीला आडोसा हवा. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखाली जाणारी वायर सुटलेली आहे. हात लावल्यावर वाढली तर जॅकवर (ॲम्पची वायर खुपसतात तिथे) वायरी उलट आहेत का, ते आणि अर्थिंग दोन्ही बघा. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की पिकअप एकमेकांची गुणगुण मारतात. एक कमी केला की ती परत येते. तो दोष नाही, रचनाच तशी आहे.

आडोशाला तांब्याची पट्टी. गोंद वीज वाहून नेणारा नसेल तर तुकड्यांच्या जोडावर सोल्डरचा थेंब द्या, आणि सगळं मल्टिमीटरने तपासा. जॅकच्या टोकाची पत्ती कुठेही तांब्याला टेकता कामा नये. टेकली की आवाज बंद. सगळं व्यवस्थित करून झाकण लावल्यावर बेस मुका झाला, तर दहातल्या नऊ वेळा कारण हेच असतं.

मांडवात वाजवताना एक गोष्ट मात्र चुकवू नका. बेसच्या तारा ब्रिज आणि जॅकमधून थेट ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइक दुसऱ्या बोर्डावर असेल, आणि दोघांपैकी एकाला अर्थिंग नसेल, तर गाताना ओठाला झटका बसतो, आणि तो जिवावरही बेतू शकतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा, एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला. आकडा चढला तर सगळं बंद करून अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर आणा.

[दृश्य: फ्रेट नसलेला काळसर नेक. एक लांब, भिजलेला सूर.]

हा सूर ऐकला की फ्रेट उपटायची इच्छा होते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतो. तार पृष्ठभागाला हलकेच घासत सुटते आणि सूर फुलतो. फ्रेटलेसमध्ये तेच घडतं, फक्त घोडीच्या जागी फिंगरबोर्ड असतो. फ्रेटवाल्या बेसमध्ये जी खडखड आपण मघाशी काढत होतो, तिचीच ही शहाणी बहीण. पण उपटलेले फ्रेट परत बसवणं हे मोठं काम आहे. त्यापेक्षा दुसरा नेक घ्या. चार स्क्रूंचं काम. जोडाकडची रुंदी आधी मोजा, फेंडरच्या मापात ती ६३.५ मिलिमीटर असते. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर बांबूची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून आत ठोका, सुकू द्या, मग नवं भोक पाडा.

विकायची वेळ येतेच, आणि तिथे हिशोब उलटा बसतो. घेणारा बेसचे पैसे देतो, तुम्ही घातलेल्या भागांचे नाही. हजारोंचे पिकअप घातलेला स्वस्त बेस स्वस्त बेसच्याच भावाने जातो. म्हणून काढलेला प्रत्येक भाग, जुने पिकअप, पॉट, अगदी गंजका ब्रिजसुद्धा, पिशवीत घालून वर चिठ्ठी लावून ठेवा. विकताना मूळ भाग परत बसवा आणि चांगले वेगळे विका. कोरलेली बॉडी परत बसवता येत नाही.

जाहिरातीत वजन लिहा; चार किलोच्या वर गेलं की लोक विचारतातच. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्रेट जवळून दाखवा. ‘लास्ट प्राइस?’ एवढंच विचारणाऱ्यांना उत्तर देत बसू नका. आणि ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्याला लगेच ब्लॉक करा. पैसे घ्यायला स्कॅन करावं लागत नाही.

[दृश्य: चार स्क्रू निघतात. नेक बॉडीपासून अलग होतो.]

कुरिअरने पाठवायचा तर तारा सोडा आणि नेक काढा. लांबट खोक्यापेक्षा आखूड खोकं कमी मोडतं. सोलापुरात वेष्टणाची अडचण पडत नाही: नेकला एक टॉवेल, बॉडीला जुनी चादर, मध्ये पुठ्ठा. स्क्रू वेगळ्या पुडीत, पुडी पिकगार्डला टेपने. खोकं हलवून बघा, आत काहीही वाजता कामा नये. समोरच्याला सांगून ठेवा की खोकं आलं की लगेच तारा ताणायच्या नाहीत, नेकला एक रात्र तिथली हवा लागू द्यायची. आणि ट्रस रॉडची की आत टाका, चिठ्ठीवर तिचं माप लिहून.