स्टालिनच्या चौथऱ्यावर मायकल जॅक्सन

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो, साम्यवादी राजवटी कोसळल्यानंतर पूर्व युरोपातील लोकांचा पाश्चात्त्य मनोरंजनाबद्दल जो भ्रमनिरास झाला, त्याची कारणमीमांसा मी आज करावी, अशी संयोजकांची इच्छा आहे. मी ती करणारच आहे. मात्र त्याआधी आपल्याला तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग येथील एका चौथऱ्यापाशी न्यायला हवे.

व्लतावा नदीच्या काठी लेतना नावाची टेकडी आहे. तेथे १९५५ साली स्टालिनचे अवाढव्य स्मारक उभे राहिले. पुढे स्टालिन आणि त्याच्या मागे ओळीने सामान्य माणसे, अशी ती रचना होती. शिल्पकार ओताकार श्वेत्स याने अनावरणाच्या आधीच आत्महत्या केली, आणि प्रागच्या नागरिकांनी त्या शिल्पाचे नाव ठेवले ‘मटणाच्या दुकानापुढची रांग’. रॉकेल आणि रेशनसाठी रांगेत उभे राहिलेल्या आपल्या पिढीला हा विनोद समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे स्टालिनच मॉस्कोच्या मर्जीतून उतरला, तेव्हा १९६२ साली सुरुंग लावून ते स्मारक उडवण्यात आले आणि मागे उरला तो रिकामा चौथरा. १९९० साली त्याच चौथऱ्याखालच्या तळघरातून काही तरुणांनी विनापरवाना नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला ‘रेडिओ स्टालिन’ हे नाव दिले. नव्या स्वातंत्र्याचा याहून खोडकर आणि याहून सुंदर उपयोग मला तरी माहीत नाही.

आणि मग १९९६चा सप्टेंबर उजाडला. मायकल जॅक्सनच्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभ लेतनाच्या मैदानावर होणार होता, म्हणून त्याचा सुमारे दहा मीटर उंचीचा पुतळा जाहिरातीसाठी आणला गेला आणि नेमका त्याच जागी उभा करण्यात आला. हाच दौरा १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरीच्या क्रीडासंकुलात पोहोचला होता, आणि त्या कार्यक्रमाला मिळालेल्या करमणूक करमाफीचा वाद पुढे उच्च न्यायालयात गेला, हे येथील अनेकांना आठवत असेल. मुंबईला तो केवळ एक मोठा तारा होता. प्रागमध्ये मात्र पाश्चात्त्य संगीतासाठी माणसांनी तुरुंगवास सोसला होता, आणि माझ्या प्रतिपादनाचा सारा भार या एका फरकावर आहे.

‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ हा प्रागचा रॉक वाद्यवृंद चेकोस्लोव्हाकियावरील १९६८च्या सोव्हिएत आक्रमणानंतर लगेचच स्थापन झाला. अमेरिकी रॉक संगीतकार फ्रँक झापा आणि न्यूयॉर्कची ‘वेल्वेट अंडरग्राउंड’ ही मंडळी ही त्याची दैवते होती. व्यावसायिक परवाना काढून घेतला गेल्यावर हे कलावंत खेड्यांतील खासगी समारंभांतून वाजवू लागले, आणि श्रोते निरोपानिरोपी करत तेथे पोहोचत. १९७६ साली त्यांना व त्यांच्या मित्रांना अटक झाली. खटल्यात कवी आणि या वाद्यवृंदाचा कलादिग्दर्शक इव्हान यिरोउस याला अठरा महिन्यांची, तर इतर तिघांना त्याहून कमी मुदतीची शिक्षा झाली. नाटककार आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झालेले वाक्लाव हावेल त्या न्यायालयात उपस्थित होते. केस वाढवून कर्कश संगीत वाजवणाऱ्या या मुलांच्या बाजूने लेखक आणि तत्त्वज्ञ उभे राहिले, आणि त्यातून जानेवारी १९७७मध्ये ‘चार्टर ७७’ हे नागरी हक्कांचे निवेदन जन्माला आले.

त्या काळच्या प्रागमध्ये ऐकणे हे काम होते. ध्वनिफितींच्या प्रती काढणे, परदेशी नभोवाणीची खरखर सहन करणे, मासिके टंकलेखन यंत्रावर कार्बन कागद घालून वाटणे, या साऱ्यात श्रोता स्वतः निर्माता होत असे. म्हणूनच १९९०च्या जानेवारीत झापा प्रागला आला, तेव्हा त्याचे एखाद्या मुक्तिदात्यासारखे स्वागत झाले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रागमधल्याच स्त्राहोवच्या मैदानावर ‘रोलिंग स्टोन्स’ हे ब्रिटिश रॉक कलावंत वाजवायला आले, तेव्हा सोव्हिएत रणगाडे जाताहेत आणि स्टोन्स येताहेत, अशा घोषणेने शहर दणाणले. त्या रात्रीचा आनंद खरा होता आणि त्याला कोणीही कमी लेखू नये.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी हाती आली आहे, त्यामुळे कबूल केलेली कारणमीमांसा थोडक्यात मांडतो. पहिले कारण असे की, बंदीच्या काळात सीमा ओलांडून येणारे संगीत निवडलेले असे. कोणीतरी धोका पत्करूनच ते आणत असे. बाजार खुला झाल्यावर मात्र निवड वितरकाच्या हाती गेली, आणि त्याने झापा निवडला नाही, तर सर्वाधिक खपणारा माल निवडला. दुसरे कारण पैशाचे आहे. सरकारी अनुदान आटले आणि बारांदोवसारखा नामांकित चित्रपट स्टुडिओ खासगी हातांत गेला. फेब्रुवारी १९९४मध्ये अमेरिकी भांडवलावर ‘नोव्हा’ वाहिनी सुरू झाली आणि आयात मालिका व चित्रपटांच्या बळावर तिने अल्पावधीत बहुसंख्य प्रेक्षक खेचून घेतले. तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण म्हणजे, जो श्रोता काल निर्माता होता, त्याच्याकडून आता तिकिटाच्या पैशांखेरीज कशाचीच अपेक्षा उरली नाही.

या भ्रमनिरासाला जुन्या राजवटीची ओढ समजणे हा त्या लोकांवर अन्याय आहे. जॅक्सनच्या पुतळ्यासारख्या जाहिरातीवर नाराज होणारे पुष्कळसे तेच होते, ज्यांनी पोलिसांचा ससेमिरा सोसला होता, आणि जुनी राजवट परत यावी असे त्यांना कधीही वाटले नाही. पोलंड आणि हंगेरीत हेच थोड्या निराळ्या रीतीने घडले; त्याविषयी आपण प्रश्नोत्तरांत बोलू.