तिकिटाच्या दारात

४ मे १९७९. लंडन, १० डाउनिंग स्ट्रीट. दारात मार्गारेट थॅचर उभ्या आहेत. उजव्या विचारांच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाच्या नेत्या, ब्रिटनच्या पहिल्या महिला पंतप्रधान. हे दृश्य जगाने पाहिलं.

त्याआधी त्यांनी ठोठावलेली दारं मात्र कुणी चित्रित केली नाहीत. डार्टफर्डमध्ये त्या १९५० ला हरल्या, १९५१ ला पुन्हा हरल्या. मग जुळी मुलं झाली. सुरक्षित मतदारसंघ मिळावा म्हणून स्थानिक समित्यांपुढे मुलाखतीला गेल्या, तर विचारणा व्हायची: मुलं, घर आणि संसद, सगळं जमणार कसं? अखेर १९५८मध्ये फिंचलीची उमेदवारी मिळाली. पुढच्या वर्षी त्या खासदार झाल्या.

उजव्या पक्षातल्या बाईची अवघड निवडणूक ही अशी, मतदानाच्या कितीतरी आधीची. ‘आरक्षण नको, गुणवत्ता पाहू’ ही या पक्षांची जुनी भूमिका. गुणवत्ता जोखायला बसतं कोण, ते मात्र विचारायचं नाही!

हुजूरांच्या प्रतिस्पर्धी, डावीकडच्या मजूर पक्षाने काही मतदारसंघांत फक्त महिलांमधूनच उमेदवार निवडायचं ठरवलं. १९९७मध्ये त्यांच्या १०१ महिला निवडून आल्या, हुजूर पक्षाच्या १३. गंमत पाहा, २०२४पर्यंत हुजूर पक्षाने चार वेळा महिलेला नेतेपदी बसवलं; मजूर पक्षाने एकदाही नाही.

म्हणजे शिखरावर जागा होते, पायथ्याशी होत नाही. थॅचर यांच्या ११ वर्षांत मंत्रिमंडळात दुसरी महिला आली ती एकच, बॅरोनेस यंग. त्याही लोकांनी निवडलेल्या नव्हत्या, लॉर्ड्स सभागृहातल्या होत्या.

अमेरिकेत २०१८च्या निवडणुकीनंतर प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन महिला उरल्या अवघ्या १३. त्यांच्यातल्याच एक, एलिस स्टेफानिक यांनी ठरवलं, उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत प्राथमिक फेरीतच महिलांना पैसा पुरवायचा. घोडं अडतं ते तिथेच. पक्षाच्या प्रचारप्रमुखाने याला चूक म्हटलं. स्टेफानिक यांचं उत्तर होतं, मी परवानगी मागितलेली नाही. २०२०मध्ये तो आकडा दुपटीच्या वर गेला.

आणि २०२२, इटली. ‘मी स्त्री आहे, मी आई आहे’ असं सभांमधून ठणकावणाऱ्या उजव्या पक्षाच्या जॉर्जिया मेलोनी देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. पदनाम मात्र त्यांनी पुल्लिंगीच ठेवलं, ‘इल प्रेसिदेंते’. मराठीत ही अडचण येत नाही, पंतप्रधान दोघांनाही चालतं. त्याच निवडणुकीत इटलीच्या संसदेतलं महिलांचं प्रमाण आधीपेक्षा घटलं होतं.