पहिली गेली, दुसरी कुठे अडली?

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, पत्रिकेवर छापलाय त्याच विषयावर बोलणार आहे, अंतराळात गेलेली पहिली बाई आणि दुसरीला लागलेला उशीर, काळजी करू नका. गेल्या वर्षी मी गुरुत्वाकर्षणावर बोलायला उभी राहिले आणि वडापाववर संपवलं, अशी समितीकडे तक्रार गेली होती. तो वडापाव खाली पडला होता, हे मात्र कोणी लक्षात घेतलं नाही.

तर १६ जून १९६३, रविवार. बायकोनूरच्या प्रक्षेपणतळावरून व्होस्तोक ६ हे अंतराळयान सुटलं आणि त्यात व्हॅलेंतिना तेरेश्कोवा होती, वय २६. मी तेव्हा नऊ वर्षांची, लालबागच्या चाळीत. बाबा गिरणीत दोन माग सांभाळायचे. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, त्यामुळे घरातसुद्धा मोठ्यानंच बोलायचे. सोमवारी गॅलरीत उभं राहून त्यांनी बातमी वाचली ती तिन्ही मजल्यांनी ऐकली. बाई अंतराळात गेली! कुठली? रशियाची. काय करते? बाबांनी पेपर जरा लांब धरला आणि म्हणाले, "गिरणीत होती."

चाळ एकदम गप्प झाली. विमानदलातली बाई, डॉक्टरीण, एखाद्या मंत्र्याची मुलगी असती तर लोक "हो का" म्हणून आंघोळीला गेले असते. पण गिरणीत? खालच्या मजल्यावरचे एक काका दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून वर आले आणि त्यांनी विचारलं, "रजा कोणी मंजूर केली?" दुसऱ्यानं विचारलं, "आणि तिच्या जागी बदली कोण लावला?"

लोक हसले. हा किस्सा मी साठ वर्षं सांगतेय, घरचे आता उठून जातात. पण तो बदलीचा प्रश्न लक्षात ठेवा. मला आज जे सांगायचंय ते तिथेच आहे. इथे तरुण मंडळी आहेत म्हणून सांगते: बदली म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. भोंग्याच्या आधी डबा घेऊन गेटवर उभं राहायचं. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर डबा घेऊन परत. त्या काकांची स्वतःची काही वर्षं अशीच गेली होती, म्हणून त्यांना तो प्रश्न सुचला.

तेरेश्कोवा यारोस्लाव्हल शहराजवळच्या खेड्यातली. वडील ट्रॅक्टर चालवायचे, ते फिनलंडच्या युद्धात गेले, तेव्हा ही जेमतेम तीन वर्षांची. आई कापडगिरणीत. मुलगी आधी टायरच्या कारखान्यात, मग त्याच गिरणीत, पेळूच्या यंत्रावर. आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उड्या मारायची, आईला न सांगता! अंतराळात जातानाही घरी सांगितलं ते पॅराशूटच्या शिबिराला चाललेय म्हणून. आईला खरं कळलं ते बातम्यांतून. आमच्या चाळीतल्या बायकांना हे पुढे समजलं तेव्हा रॉकेटपेक्षा त्याचीच चर्चा जास्त झाली.

उड्या का महत्त्वाच्या? कारण व्होस्तोकमधून माणूस यानासकट उतरतच नव्हता. साधारण सात किलोमीटरवर आसनासकट बाहेर फेकला जायचा आणि आपल्या पॅराशूटनं खाली यायचा. यान बहुतेक स्वयंचलित, विमान चालवता आलंच पाहिजे असं नाही. उडी मात्र आलीच पाहिजे. पत्रकं वाटावीत तसं लोक म्हणतात, "ती नुसती बसून होती." अहो, तुम्ही बसा! अंतराळवेशात, पट्ट्यांनी बांधून, जवळजवळ ७१ तास, ४८ प्रदक्षिणा. पायात वेदना, शिरस्त्राण खांद्यावर रुतलेलं, पोटात ढवळतंय. ठरलं होतं एक दिवसाचं, झाले तीन. आमच्या एसटीत पुणे-कोल्हापूर बसलेला माणूस दोन दिवस कंबर धरून असतो.

त्यात टूथपेस्ट दिली होती, ब्रश द्यायचा विसरले. हे मी एका मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बोट होतं ना?" पुढे तेरेश्कोवानं सांगितलंही तसंच. तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, पण फार उशिरा: परतीची दिशा उलटी भरली होती, यान खाली येण्याऐवजी वर गेलं असतं. तिनं ते कळवलं, नवे आकडे वर पाठवले गेले, आणि मुख्य रचनाकार कोरोल्योव्हनं विनंती केली की कुठे बोलू नकोस. ती कित्येक दशकं बोलली नाही.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मूळ विषय आता दहा मिनिटांत, दरवेळसारखाच.

दुसरी बाई कधी गेली? ऑगस्ट १९८२, स्वेतलाना साव्हित्स्काया, तीही रशियाचीच. एकोणीस वर्षांनी! का? अमेरिकेची सॅली राइड जून १९८३ मध्ये जाणार हे दिसत होतं म्हणून. १९६३ मध्येही तेच. अमेरिकेआधी आपली बाई वर गेली पाहिजे, ही घाई. अमेरिकेत तर सुरुवातीला अंतराळवीर व्हायला जेट विमानांचा चाचणी वैमानिक असणं आवश्यक होतं, आणि बायकांना ती वाटच बंद होती. १९७८ च्या तुकडीत प्रथमच सहा बायका घेतल्या.

आणि रशियात बायका नव्हत्या असं नाही. १९६२ मध्ये पाच निवडल्या होत्या. त्यातली इरिना सोलोव्योवा राष्ट्रीय पॅराशूट संघातली, तिच्या उड्या तेरेश्कोवापेक्षा कितीतरी जास्त. व्हॅलेंतिना पोनोमार्योवा शिकलेली, विमान चालवणारी. पण गिरणी कामगार, युद्धात बाप गेलेली, हे चित्र तेरेश्कोवाचं होतं. तेरेश्कोवाला मी कमी लेखत नाही, निवडणाऱ्यांचं सांगतेय. काम येतं का, हे तर आधीच तपासून झालं होतं. मग उरलं ते छायाचित्र.

चिठ्ठी दुसरी आली, आता उठते. त्या रविवारी सकाळी सोलोव्योवासुद्धा अंतराळवेश चढवून तयार होती, ऐनवेळी काही झालं तर म्हणून. तेरेश्कोवा वर गेली. बाकी चौघी सराव करत राहिल्या, यानांचे बेत ठरत गेले, रद्द होत गेले. १९६९ मध्ये तुकडीच बरखास्त झाली. सहा वर्षं डबा घेऊन गेटवर, आणि एकीलाही आत बोलावलं नाही.