बुचच्या बारमधला फोन

आज ज्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे, त्यातल्या एका टॅक्सीपासून सुरुवात करतो. टॅक्सीत तीन माणसं बसली आहेत. दुसरं महायुद्ध संपलंय आणि तिघंही घरी परतताहेत. गाव एकच, पण ओळख झाली ती कालच, परतीच्या लष्करी विमानात. टॅक्सी पहिल्याच्या, होमरच्या घरासमोर उभी राहते. होमर कोवळा पोरगा आहे, नौदलातला. जहाजावरच्या आगीत त्याचे दोन्ही हात गेलेत आणि आता मनगटांच्या जागी पोलादी हूक आहेत. घर समोर आहे आणि तो म्हणतो, आपण आधी बुचच्या बारमध्ये जाऊन थोडी घेऊ या का?

तेवढ्यात धाकटी बहीण त्याला बघते, आरडाओरडा करत शेजारच्या विल्माला बोलवायला धावते. आईवडील बाहेर येतात. विल्मा येऊन त्याच्या गळ्यात पडते. होमरचे हात मात्र खालीच राहतात, काठीसारखे ताठ. मग मित्रांचा निरोप घ्यायला तो हूक वर करतो आणि आईच्या तोंडून हुंदका बाहेर पडतो. टॅक्सी उरलेल्या दोघांना, फ्रेड आणि अलला, घेऊन पुढे जाते. फ्रेड म्हणतो, नौदलाने पोराला हूक वापरायला मात्र छान शिकवलंय. त्यावर अल म्हणतो, पण आपल्या प्रेयसीला जवळ घ्यायला, तिच्या केसांवरून हात फिरवायला ते शिकवू शकले नाहीत.

'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज', १९४६. दिग्दर्शक विल्यम वायलर. लांबी दोन तास बावन्न मिनिटं. हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तो फिल्म सोसायटीच्या एका खेळात, आणि तेव्हा मला त्यातलं प्रेम दिसलं होतं. आता बघतो तेव्हा आधी मैत्री दिसते. विमानात होमर हुकांनी काडी ओढून सिगारेट पेटवतो आणि बाकीचे दोघं त्याच्याकडे जसं बघतात, तसं त्याच्या घरातलं कुणीच बघू शकत नाही. घरचे एक तर हुकांकडे टक लावून बघतात, नाही तर मुद्दाम दुसरीकडे. मित्रांना जी नजर पहिल्याच दिवशी साधली, ती प्रेमाच्या माणसांना साधायला किती काळ लागतो, याची ही गोष्ट आहे असं मला वाटतं.

या तिघांची मैत्री सोपी नाही. सैन्यात फ्रेड कॅप्टन होता, बॉम्बर विमानातून बॉम्ब टाकणारा, छातीवर पदकं असलेला. अल पायदळात सार्जंट आणि होमर खलाशी. गावात मात्र ही उतरंड उलटी होते. अल बँकेतला मोठा अधिकारी, चांगल्या इमारतीत राहणारा. फ्रेड युद्धाआधी औषधांच्या दुकानातल्या काउंटरवर सोडा आणि आइस्क्रीम द्यायचा, आणि त्याचा बाप रेल्वेच्या रुळांलगतच्या खोपटात राहतो. गणवेश उतरला की कॅप्टनसाहेब पुन्हा त्याच काउंटरमागे.

या सिनेमाची कल्पना निघाली ती निर्माता सॅम्युएल गोल्डविनच्या घरात. १९४४ साली त्याच्या पत्नीने, फ्रान्सिसने, सुटीवर घरी येणाऱ्या सैनिकांवरचा 'टाइम'मधला लेख वाचला आणि नवऱ्याला दाखवला. गोल्डविनने लेखक मॅकिन्ले कँटरकडून गोष्ट लिहून घेतली, त्याने ती चक्क पद्यात लिहिली. पटकथा रॉबर्ट शेरवुडची. वायलर स्वतः हवाई दलासाठी माहितीपट करत होता, बॉम्बर विमानांतून मोहिमांवर गेला होता आणि इटलीतल्या चित्रीकरणाच्या वेळी त्याची श्रवणशक्ती गेली. नंतर एका कानाला थोडं ऐकू येऊ लागलं, एवढंच. म्हणजे घरी परतणं काय असतं हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने नटांना सांगितलं, कपडे दुकानातून तयार विकत आणा आणि शूटिंगच्या आधीपासून वापरायला लागा.

होमरची भूमिका करणारा हॅरल्ड रसेल नट नव्हता. १९४४ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या प्रशिक्षण छावणीत स्फोटकं हाताळताना त्याचे दोन्ही हात गेले. सैन्याने त्याच्यावर केलेला माहितीपट वायलरने बघितला आणि कँटरच्या गोष्टीतला होमर बदलला. या एकाच भूमिकेसाठी रसेलला दोन ऑस्कर मिळाले, एक सहायक अभिनेत्याचा आणि एक विशेष. पुरस्कारांचा उल्लेख मी एवढाच करतो. रसेल चमच्याने खातो, काडी ओढतो, पियानो वाजवतो तेव्हा कॅमेरा ते तोडून दाखवत नाही, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता बुचच्या बारकडे येतो. फ्रेडचं लग्न झालेलं आहे. मारी नावाच्या मुलीशी, घाईघाईत, युद्धावर निघायच्या आधी. तिला गणवेश आवडला होता. (इथे सिनेमा मला कमी पडतो. मारीला त्यात फार उथळ ठेवलंय. तिनेही ती वर्षं एकटीने काढली होती, पण तिची बाजू कुणी मांडत नाही.) आणि फ्रेडचं प्रेम जडलंय अलच्या मुलीवर, पेगीवर. अल त्याला बारमध्ये बोलावून समोर बसवतो आणि मुलीचा बाप म्हणून सांगतो, हे थांबव. फ्रेड उठतो, पेगीला फोन करून संपवतो म्हणतो.

आता पडद्यावर बघा. पुढे, अगदी जवळ, होमर हुकांनी पियानो वाजवतोय. बारचा मालक बुच हा त्याचा मामा, त्याने भाच्याला शिकवलंय. अल पियानोला टेकून उभा आहे आणि कौतुकाने ऐकतोय. आणि पार मागे, दाराजवळच्या काचेच्या खोक्यात, बोटाएवढा फ्रेड फोनवर बोलतोय. काय बोलतोय ते आपल्याला ऐकू येत नाही. ऐकू येतो तो पियानो. कॅमेरामन ग्रेग टोलंडने पुढचं आणि मागचं दोन्ही सारखंच स्पष्ट ठेवलंय. अल मधूनच मान वळवून मागे बघतो, पुन्हा होमरकडे बघतो. एका मित्राने आयुष्यात काहीतरी परत मिळवलं आणि दुसऱ्या मित्राकडून आपण काहीतरी काढून घेतलं, हे दोन्ही तो एकाच वेळी बघतोय. आंद्रे बाझाँसारख्या समीक्षकाने या दृश्यावर सविस्तर लिहिलं ते उगीच नाही. दुसऱ्या कुणी इथे फ्रेडच्या चेहऱ्यावर कट मारला असता, डोळ्यांत पाणी दाखवलं असतं. वायलर आपल्याला अलच्या जागी उभं करतो आणि कुठे बघायचं ते आपल्यावर सोडतो.

मेलोड्रामा म्हटलं की आपल्याकडे लगेच 'रडका सिनेमा' म्हणतात. मला हा शब्द या सिनेमासाठी मुळीच मान्य नाही. इथे रडू येतं ते विल्माच्या प्रसंगात, आणि तिथे जवळजवळ काहीच घडत नाही. विल्मा विचारते, मला दूर का ठेवतोस? होमर म्हणतो, वर चल, रोज रात्री काय होतं ते बघ. खोलीत तो खांदे हलवत पट्टे सैल करतो, हूक पलंगावर काढून ठेवतो आणि पायजम्याच्या सदऱ्यात शिरतो. मग सांगतो, आता मी तान्ह्या बाळासारखा परावलंबी आहे. हे दार बंद झालं तर मला उघडता येणार नाही. विल्मा तिथेच उभी आहे. एकदाही नजर चुकवत नाही. ती पुढे होते आणि त्याच्या सदऱ्याची बटणं लावते. एक, मग दुसरं. मग त्याला पांघरूण घालते, दिवा मालवून जाते. संगीत आहे, पण ते गळा काढत नाही. टॅक्सीतून उतरल्यापासून या पोराने जे वडिलांखेरीज कुणाला बघू दिलं नव्हतं, ते तिने बघितलं. मित्रांना पहिल्या दिवशी जमलेलं तिला आज जमलं, आणि त्यांच्याही पुढे गेलं, कारण ही बटणं त्यांनी लावली नसती.

शेवटी होमर-विल्माचं लग्न. सगळे जमलेत. फ्रेड होमरचा करवला म्हणून त्याच्या शेजारी उभा, पेगी खोलीच्या दुसऱ्या टोकाला. होमर हुकाने अंगठी विल्माच्या बोटात सरकवतो, लग्नाच्या शपथा चालू आहेत, आणि त्याच चौकटीत मागे पेगी आहे. फ्रेड होमरकडे बघत नाही, पेगीकडे बघतोय. लग्न लागतं, सगळी माणसं नवरानवरीभोवती गोळा होतात आणि फ्रेड तिच्याकडे चालत जातो. मारी तोवर त्याला सोडून गेलेली आहे. तो पेगीला सांगतो, बस्तान बसायला वर्षं लागतील, पैसा नसेल, धड राहायला जागा नसेल. पेगी ऐकत असते आणि हसत असते.